आत्मा नाही, तर पुनर्जन्म कोणाचा?

दरवर्षी आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आपल्या विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. वाचनानंतर शंकासमाधानासाठी थोडा वेळ ठेवलेला असतो. गेल्या वर्षावासात बारावीत शिकणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “काका, आमची आजी वारली तेव्हा गल्लीच्या फळ्यावर कोणीतरी ‘आत्म्यास शांती लाभो’ असे लिहिले. बाबांनी ते पुसून ‘भावपूर्ण आदरांजली’ असे लिहिले. आपण आत्मा मानत नाही, हे मला पटते. पण बुद्धांनी पुनर्जन्म सांगितला, असेही आपण वाचतो. आत्माच नाही तर पुन्हा जन्मते कोण?”

त्या दिवशी मी जे उत्तर दिले, ते माझे मलाच पटले नाही. मी पालीचा पंडित नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून एवढीच माझी ओळख. पण त्या मुलीला नीट उत्तर द्यावे म्हणून जे वाचले आणि विचार केला, ते सभासद बंधू-भगिनी आणि विद्यार्थी मित्रांपुढे ठेवतो.

प्रश्न जुनाच आहे

असा प्रश्न पडणे म्हणजे धम्मावर अविश्वास दाखवणे नव्हे. परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच हा प्रश्न मांडला आहे. बुद्धांनी आत्मा नाकारला आणि कर्म व पुनर्जन्म मात्र सांगितले. मग हे शब्द त्यांनी नेमक्या कोणत्या अर्थाने वापरले, असे ते विचारतात. त्याही आधी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेलेला ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, याने भदंत नागसेनांना हेच विचारले होते. ‘मिलिंदपञ्ह’ हा पाली ग्रंथ अशाच प्रश्नोत्तरांनी भरलेला आहे.

आत्मा नाकारला म्हणजे काय नाकारले?

बुद्धांच्या काळी आत्म्याची एक ठरलेली कल्पना होती. आत्मा नित्य आहे, तो बदलत नाही, देह मेला तरी तो मरत नाही आणि जुने वस्त्र टाकून नवे घ्यावे तसा तो देह बदलतो, अशी ती कल्पना. सारनाथला पाच भिक्खूंना दिलेल्या दुसऱ्या उपदेशात तथागतांनी नेमकी हीच कल्पना तपासली. माणूस म्हणजे पाच स्कंध : रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान. यांपैकी एक तरी स्कंध नित्य आहे काय? नाही. एक तरी आपल्या हुकमात आहे काय? शरीर आपल्या हुकमात असते, तर ‘आजारी पडू नकोस’ असे त्याला सांगता आले असते. जे अनित्य आहे आणि हुकमात नाही, त्याला ‘हा माझा आत्मा’ कसे म्हणावे?

मिलिंद राजा रथातून आला होता. नागसेनांनी विचारले, “महाराज, दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय?” प्रत्येकाला राजा ‘नाही’ म्हणाला. या भागांखेरीज रथ नावाची निराळी वस्तूही त्याला दाखवता येईना. याचा अर्थ राजा पायी आला असा होत नाही. रथ हे सर्व भाग जुळल्यावर व्यवहारासाठी दिलेले नाव आहे. माणसाचेही तसेच. बुद्धांनी माणूस नाकारला नाही. माणसाच्या आत बसलेला न बदलणारा मालक नाकारला.

सातीची चूक

तरीही मनात शंका राहते की, शरीर जाते, पण निदान विज्ञान, म्हणजे जाणीव तरी पुढे जात असेल. ही शंका खुद्द बुद्धांच्या हयातीत एका भिक्खूला आली होती. साती त्याचे नाव. तो कोळ्याचा मुलगा. हेच विज्ञान, जसेच्या तसे, एका जन्मातून दुसऱ्या जन्मात फिरत राहते, असे तो सांगू लागला. तथागतांनी त्याला बोलावून घेतले आणि असे मी कोणाला कधी शिकवले, असे स्पष्ट विचारले. विज्ञान कारणांवाचून उत्पन्न होत नाही, हे त्यांनी त्याला समजावले. डोळा आणि रूप एकत्र आले की चक्षुविज्ञान, कान आणि शब्द एकत्र आले की श्रोत्रविज्ञान. लाकडाने पेटला तो लाकडाचा अग्नी, गवताने पेटला तो गवताचा. अग्नीला इंधन लागते, तसे विज्ञानाला कारण लागते. तेव्हा ‘जाणीव’ असे नवे नाव देऊन आत्म्याला मागच्या दाराने घरात घेता येत नाही.

मग पुढे जाते काय?

नागसेनांनी याचे उत्तर दिव्याने दिले. रात्रभर एक दिवा जळतो. पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच काय? नाही, तेल नवे, जळणारी वात नवी. मग त्या दोन वेगवेगळ्या दिव्यांच्या ज्योती काय? तेही नाही. एका दिव्याने दुसरा दिवा लावला तर पहिल्यातून दुसऱ्यात काही उडी मारून जात नाही; तरी पहिला नसता तर दुसरा पेटला नसता. दुधाचे दही होते. दही म्हणजे दूध नव्हे, पण दुधावाचून दही नाही. म्हणूनच पाली ग्रंथांत ‘पुनब्भव’, म्हणजे पुन्हा होणे, हा शब्द येतो. आपल्या मनात ‘पुनर्जन्म’ म्हटले की ‘कोण?’ हा प्रश्न आधी येतो. ‘पुन्हा होणे’ म्हटले की ‘कशामुळे?’ हा प्रश्न येतो. बुद्धांना दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटला आणि त्याचे उत्तर म्हणजे प्रतीत्यसमुत्पाद : हे असले की ते होते, हे थांबले की ते थांबते.

मला हे समजले ते माझ्या कामावरून. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून जाडजूड लेजरे होती. खात्याचे पान भरले की शेवटची शिल्लक ‘पुढील पानावर नेली’ असे लिहायचे आणि नव्या पानाच्या सुरुवातीला ‘मागील पानावरून आणली’. आता पाहा, या पानावरून त्या पानावर एक नाणेसुद्धा सरकत नाही. कागद नवा, शाई नवी, लिहिणारा कारकूनही कधी कधी नवा. तरी नव्या पानावरचा पहिला आकडा कोणी मनाने लिहीत नाही. मागच्या पानावर जे जमा आणि नावे झाले, त्यातूनच तो येतो. पानाच्या डोक्यावर खातेदाराचे नाव असते, ते ओळखीपुरते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नव्या पानावर नवा भरणा करता येतो. मागचा आकडा म्हणजे शेवटचा आकडा नव्हे.

तोच की दुसरा?

काश्यप नावाच्या एका नग्न साधूने तथागतांना विचारले, दुःख माणूस स्वतः निर्माण करतो की दुसरा कोणी? ‘जो करतो तोच भोगतो’ म्हटले तर तो शाश्वतवाद होतो, म्हणजे न बदलणारा आत्मा आला. ‘करतो एक, भोगतो दुसरा’ म्हटले तर उच्छेदवाद होतो, म्हणजे जबाबदारीच संपली. तथागतांनी दोन्ही टोके सोडली आणि मधून कार्यकारणाचा मार्ग सांगितला.

समजा, पंधरा वर्षांपूर्वी कर्ज घेतलेला माणूस आमच्या काउंटरवर येऊन म्हणाला, “साहेब, तेव्हा मी तरुण होतो, विचार वेगळे होते. कर्ज घेणारा तो माणूस आता राहिलाच नाही. मी कशाला फेडू?” त्याचे पहिले वाक्य खरे आहे, पण कर्ज मिटत नाही. फेडण्यासाठी न बदलणारा आत्मा लागत नाही. सलग चालत आलेला व्यवहार पुरतो.

इथे जातककथांचा प्रश्नही सुटतो. पाली संग्रहात ५४७ जातके आहेत आणि त्यांच्या शेवटी ‘तेव्हाचा अमुक तो मीच’ अशा अर्थाचा समारोप येतो. ही व्यवहाराची भाषा आहे. ‘मी लहानपणी फार खोडकर होतो’ असे आपण म्हणतो, तशीच.

बाबासाहेबांनी काय सांगितले?

बाबासाहेबांनी याच ग्रंथात प्रश्नाचे दोन भाग केले : पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कोणाचा. त्यांच्या मांडणीप्रमाणे देह पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चार द्रव्यांचा बनलेला आहे. मरणानंतर ही द्रव्ये निसर्गातल्या आपल्यासारख्या द्रव्यांत मिसळतात आणि पुन्हा एकत्र आली की नवा जन्म होतो. म्हणजे पुन्हा घडते ते द्रव्य, आत्मा नव्हे. पण तीच द्रव्ये जशीच्या तशी पुन्हा एकत्र येतील असे नसल्यामुळे तोच माणूस परत आला, असे म्हणता येत नाही.

परंपरेतील भिक्खुसंघ चित्तप्रवाहाच्या अंगाने बोलतो, बाबासाहेब द्रव्याच्या अंगाने बोलतात. हा फरक आहे आणि विद्यार्थ्यांनी तो लपवू नये. पण देह बदलत हिंडणारा आत्मा नाही, या मुद्द्यावर दोघेही एक आहेत.

‘मागच्या जन्मीचे पाप’

हा वाद केवळ पंडितांचा नाही, हे मी घरातच शिकलो. माझ्या थोरल्या भावाला लहानपणी पोलिओ झाला. शेजारच्या बाया आईला म्हणत, “मागच्या जन्मीचे पाप असेल गं.” आई त्यावर काही बोलत नसे, भावाला पाठीवर घेऊन दवाखान्यात जात असे. याच वाक्याने आपल्या पूर्वजांना शेकडो वर्षे गावकुसाबाहेर बसवले. तुमची जात, तुमचे दारिद्र्य हे तुमच्याच आत्म्याने मागे केलेल्या कर्माचे फळ. मग तक्रार कोणाकडे करणार? गोरगरिबांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने झटकावी, यापलीकडे अशा सिद्धांताचा काही हेतू दिसत नाही, असा बाबासाहेबांचा निष्कर्ष आहे.

बुद्धांनीही हे मानले नव्हते. सीवक नावाच्या परिव्राजकाने विचारले की, माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे काही जण म्हणतात. आपले मत काय? तथागतांनी दुःखाची आठ कारणे सांगितली : पित्त, कफ, वात, या तिन्हींचा सन्निपात, ऋतुबदल, स्वतःची हयगय, बाहेरचा आघात आणि कर्माचा विपाक. आठांपैकी कर्म हे एक. सर्वच पूर्वकर्मावर टाकणारे म्हणणे चुकीचे आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. २०१४ साली भारत पोलिओमुक्त घोषित झाला, तो घरोघरच्या बाळांना डोस पाजून. कोणाचे मागच्या जन्मीचे पाप फेडून नव्हे.

त्या मुलीला उत्तर

केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी एक मोठा दिलासा दिला आहे. परलोक असेल तर सदाचारी माणसाचे पुढे भलेच होईल. आणि नसेल तरी तो इथे, याच जन्मात, वैरावाचून सुखाने जगतो. शील पाळायला मरणानंतरच्या हमीची गरज नाही.

म्हणून त्या मुलीला मी आता असे सांगेन. बाळ, तुझ्या बाबांनी फळा पुसला ते योग्यच केले. आजीच्या आत कोणी दुसरा राहत नव्हता, म्हणून वाट चुकून भटकणारे कोणी नाही आणि ज्याला शांती मिळवून द्यावी असेही कोणी नाही. पण ‘आजी संपली, तिचे केलेले सारे वाया गेले’ असेही समजू नकोस. केलेल्या कर्माचा परिणाम थांबत नाही, हाच धम्माचा नियम आहे. कोण पुन्हा जन्मते, हा प्रश्न जरा बाजूला ठेव आणि माझ्या आजच्या कृतीतून पुढे काय जन्मेल, हा प्रश्न रोज विचार. पहिल्या प्रश्नावर आपल्या पूर्वजांना गप्प बसवले गेले; दुसऱ्या प्रश्नाने आपल्याला उभे राहायला शिकवले.