खांद्यावरचे किलोभर ओझे

ब्रिटनमध्ये 1948पासून एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा करांच्या पैशातून चालते. आजारी माणसाला ऑपरेशनचे बिल येत नाही, पण आपल्या करातून कोणाचे काय होते यावर सगळ्यांचे लक्ष असते. हर्नियाच्या ऑपरेशनला कोणी नावे ठेवत नाही. स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की मात्र ‘हिची हौस आम्ही का भागवायची?’ असा प्रश्न येतो. या प्रश्नाभोवतीचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : ही सौंदर्याची हौस आहे.

वस्तुस्थिती : स्तन फार जड असले की मान, खांदे आणि पाठीचा वरचा भाग सतत दुखतो. ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांत चर पडतात. स्तनांखालच्या घडीत घाम साचून कातडी सोलवटते, बुरशीचा संसर्ग औषधाने जातो आणि पुन्हा येतो. धावणे सोडाच, जिना भरभर उतरणेही नकोसे होते.

एनएचएस इंग्लंडने 2018मध्ये 17 उपचारांवर मर्यादा आणल्या. त्या यादीत ही शस्त्रक्रिया टॉन्सिल, मूळव्याध, पायांच्या फुगलेल्या शिरा आणि मनगटात दबलेल्या नसेच्या ऑपरेशनांच्या रांगेत आहे. टॉन्सिल काढणाऱ्याला कोणी हौशी म्हणत नाही. कर्करोगात स्तन काढावा लागला तर तो पुन्हा घडवण्याची शस्त्रक्रियाही एनएचएस करते आणि ती लोकांना योग्य वाटते. तिथे आजाराला नाव असते. इथे नुसते दुखणे असते, आणि बाईचे दुखणे सहज मोडीत काढता येते.

आपल्या देशातही असेच झाले. फेब्रुवारी 2018मध्ये चेन्नईच्या सरकारी स्टॅनली वैद्यकीय महाविद्यालयात स्तनांच्या मोफत शस्त्रक्रियांचा दवाखाना सुरू झाला. गरिबांना सौंदर्योपचार का मिळू नयेत, असा तमिळनाडूच्या आरोग्यमंत्र्यांचा मुद्दा होता. पाठ-खांदे दुखतात म्हणून आकार कमी करून घ्यायला बायका येतात, हे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले होते; पण समर्थन सौंदर्याच्या नावाने झाले, म्हणून टीकाही त्याच नावाने झाली. दुखणे बाजूलाच राहिले.

गैरसमज : मागेल तिला ती फुकट मिळते.

वस्तुस्थिती : एनएचएसच्या 2018च्या निकषांनुसार आधी जीपीचे, म्हणजे फॅमिली डॉक्टरचे उपचार पूर्ण व्हावे लागतात. मान-खांदे दुखत असतील तर फिजिओथेरपिस्टकडून तपासणी व्हावी लागते. नीट माप घेऊन बसवलेली ब्रा वापरूनही पाठदुखी थांबलेली नसावी, किंवा घडीतला संसर्ग हटत नसावा. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 27च्या खाली आणि वर्षभर स्थिर हवा. म्हणजे 160 सेंटिमीटर उंचीच्या बाईचे वजन साधारण 69 किलोच्या आत. शिवाय प्रत्येक बाजूने किमान 500 ग्रॅम ऊती निघणार असाव्यात, किंवा आकार किमान चार कप साइझने उतरणार असावा.

एवढे करूनही मंजुरीची खात्री नाही. खर्चाचा निर्णय त्या-त्या भागातले आरोग्य मंडळ घेते आणि काही मंडळे या शस्त्रक्रियेला अजिबात पैसे देत नाहीत. दुखणे तेच, पत्ता वेगळा म्हणून उत्तर वेगळे. तिथले लोक याला ‘पोस्टकोड लॉटरी’ म्हणतात. खासगीत हाच खर्च काही हजार पौंड येतो.

गैरसमज : वजन उतरवा, चांगली ब्रा घ्या, प्रश्न मिटेल.

वस्तुस्थिती : स्तनात चरबी असते तशी ग्रंथींची ऊतीही असते आणि दोन्हींचे प्रमाण बाईगणिक बदलते. काहींना वजन उतरवल्याने फरक पडतो. पण ग्रंथींचीच वाढ जास्त असेल, तर बाकी अंग वाळते आणि स्तन जड ते जडच राहतात. वयात येताना झपाट्याने वाढ झालेल्या काही मुलींचे असेच होते. अमेरिकेत 2002मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजन घटवणे, खास ब्रा, फिजिओथेरपी हे उपाय शस्त्रक्रियेशी ताडून पाहिले. त्यांतल्या कशानेही कायमचा आराम पडला नाही. शस्त्रक्रियेने दुखणे ठळकपणे कमी झाले. ‘व्यायाम करा’ म्हणणे सोपे असते, पण पळताना छातीला हिसके बसतात म्हणूनच तर तिने पळणे सोडलेले असते.

गैरसमज : ऑपरेशननंतर बाळाला पाजता येत नाही, आणि चाकू लागला की कर्करोग होतो.

वस्तुस्थिती : पहिल्यात अर्धे तथ्य आहे. स्तनाग्राला जोडलेल्या ग्रंथी आणि नलिका किती शाबूत राहिल्या, यावर दूध अवलंबून असते. अनेक जणी पुढे पाजतात, काहींना वरचे दूध द्यावे लागते, काहींना दूध येतच नाही. हे ऑपरेशनपूर्वीच बाईला सांगितले पाहिजे, असे नियमातच आहे. कर्करोगाचे मात्र उलट आहे. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या मोठ्या पाहण्यांत अशी शस्त्रक्रिया झालेल्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण कमीच आढळले.

गैरसमज : किरकोळ काम आहे, एकदा केले की झाले.

वस्तुस्थिती : पूर्ण भूल देऊन चालणारे हे काही तासांचे काम असते. बहुतेकदा स्तनाग्राभोवती, तिथून खाली आणि घडीतून आडवा असा जहाजाच्या नांगराच्या आकाराचा व्रण कायम राहतो. जखम भरायला वेळ लागणे, स्तनाग्राची संवेदना जाणे, दोन बाजूंत फरक राहणे हे धोके आहेत. धूम्रपानाने ते वाढतात. पुढे गरोदरपणात किंवा वजन वाढल्यास आकार पुन्हा बदलू शकतो. एवढे सगळे ऐकूनही बाई तयार होते, तेव्हा हौसेपेक्षा तिच्या दुखण्याचा विचार आधी करायला हवा.

दोन्ही बाजूंचे पाचशे-पाचशे ग्रॅम धरले तर किमान एक किलो होते, साखरेच्या एका पिशवीएवढे. बाजारातून येताना पिशवी जड झाली की आपण हात बदलतो. हिला तशी सोय नसते. ऑपरेशन झाल्यावर काढलेल्या ऊतींचे वजन करून कागदावर लिहायचे असते. बाहेर चर्चा आकाराची चाललेली असली, तरी त्या कागदावर आकडा ग्रॅमचाच असतो.