जलशीर्ष आणि शंटची नळी

मेंदूच्या आतील पोकळ्यांत पाण्यासारखा निर्मळ द्रव अखंड पाझरत असतो. प्रौढ माणसात तो दिवसाला सुमारे 500 मिलिलिटर तयार होतो, मेंदू व मज्जारज्जू यांभोवती फिरतो आणि अखेरीस रक्तात शोषला जातो. या वाटेत अडथळा आला, की द्रव तुंबतो. अर्भकाच्या कवटीची हाडे अद्याप सांधलेली नसतात. त्यामुळे डोके झपाट्याने वाढते, टाळू फुगते आणि नजर खाली झुकते. हाच ‘जलशीर्ष’ हा विकार होय. तुंबलेल्या द्रवाचा दाब कोवळ्या मेंदूस इजा करतो. म्हणून येथे दिरंगाई परवडत नाही.

यावरील रूढ उपाय म्हणजे शंट. शल्यवैद्य मेंदूच्या पोकळीतून एक बारीक नळी कातडीखालून पोटाच्या पोकळीत नेतात. पोट योग्य नसल्यास ती हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सोडतात. द्रव बेताने उतरावा व उलट फिरू नये, यासाठी नळीस झडप लागते. 1955 साली अमेरिकेत जॉन होल्टर या यंत्रकारागिराच्या नवजात मुलास हा विकार जडला. तेव्हाच्या झडपा वारंवार बिघडत. बापाने आपले कसब पणास लावून सिलिकोनची झडप घडविली. शल्यवैद्य युजीन स्पिट्झ यांच्या हातून ती 1956 पासून मुलांच्या उपयोगी पडू लागली.

दुसरा उपाय दुर्बिणीचा. मेंदूतील तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून द्रवास नवी वाट करून देतात. यात शरीरात परकी वस्तू राहत नाही. परंतु तान्ह्या मुलांत हे छिद्र पुरेसे पडण्याचा भरवसा कमी. युगांडात बेंजामिन वॉर्फ यांनी द्रव पाझरविणारे जाळे डागण्याची जोड त्यास दिली. तेथील 100 अर्भकांच्या, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षानंतर दोन्ही उपायांच्या मुलांच्या बौद्धिक विकासात लक्षणीय फरक आढळला नाही. कोणता उपाय योग्य, हे मुलाचे वय व अडथळ्याचे कारण पाहून ठरते.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे काळजी संपली, असे मात्र नव्हे. मुलांतील जवळजवळ निम्म्या शंट दोन वर्षांच्या आत निकामी होतात. नळी बुजते अथवा तिला जंतुसंसर्ग होतो. वारंवार वांत्या, डोकेदुखी, विलक्षण गुंगी किंवा ताप दिसताच, पित्त वा दात येणे समजून घरगुती उपचारांत वेळ दवडू नये. मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे. नळी शल्यवैद्य बसवितात. तिच्यावरची जागती नजर मात्र मातापित्यांचीच असावी लागते.