एका गाईपासून जात उभी राहील?

न्यूझीलंडच्या दक्षिणेस सुमारे साडेचारशे किलोमीटरवर, भर समुद्रात, एंडरबी नावाचे लहानसे बेट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे गुरे नेऊन सोडली गेली. माणसे टिकली नाहीत, गुरे टिकली. झुडपे आणि किनाऱ्यावरचे समुद्री शेवाळ खाऊन शंभर वर्षांत त्यांची वेगळीच जात बनली. मात्र बेटावरच्या मूळ वनस्पतींची नासाडी होऊ लागल्याने १९९० नंतर हा कळप मारून टाकण्यात आला. मारलेल्या वळूंचे रेत तेवढे गोठवून ठेवले होते. मग १९९३ मध्ये एक गाय जिवंत हाती लागली. तिचे नाव ‘लेडी’. १९९८ मध्ये रुआकुरा येथील संशोधकांनी तिच्या पेशीपासून तिची प्रतिकृती, म्हणजे क्लोन, जन्माला घातली. पुढच्या वर्षी आणखी चार झाल्या.

वर्गात ही गोष्ट सांगितली तर मुले म्हणतील, “वाचली जात!” तेथेच थांबून विचारावे : वाचली ती जात, की गाय?

उत्तरासाठी रक्तगटाचे उदाहरण सोयीचे आहे. ए, बी, ओ या रक्तगटांमागे एकाच जनुकाची तीन रूपे आहेत, पण एका माणसाजवळ त्यांतली फार तर दोनच असतात. समजा, एखाद्या गावातला एकच माणूस उरला आणि त्याचा गट एबी आहे. त्याच्या हजार प्रतिकृती काढल्या तरी सगळे एबीच. जोडीला दुसरी एबी व्यक्ती मिळाली तर मुले ए, बी किंवा एबी गटाची होतील. ओ मात्र त्या गावातून कायमचा गेला. गाईच्या हजारो जनुकांचे असेच आहे. शिवाय लेडीच्या पाचही प्रतिकृती माद्याच! जात पुढे न्यायची तर वळू हवा, आणि तो मिळाला गोठवलेल्या रेतातून. परीक्षानळीतील फलनाने झालेल्या त्या वळूचे नाव ‘डर्बी’.

प्रतिकृती काढतात कशी, तेही थोडक्यात पाहू. एका गाईच्या अंडपेशीतील केंद्रक काढून टाकतात. ज्या जनावराची प्रतिकृती हवी त्याच्या कातडीची किंवा अन्य अवयवाची पेशी तिच्यात मिसळतात. गर्भ वाढू लागला की तो तिसऱ्याच गाईच्या गर्भाशयात ठेवतात. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत १६ मार्च २०२३ रोजी जन्मलेली ‘गंगा’ ही गीर कालवड अशीच तीन गाईंची : पेशी गीर गाईच्या शेपटीची, अंडपेशी साहिवाल गाईची आणि गर्भ वाढवणारी गाय संकरित.

यात एक बारीक गोम आहे. अंडपेशीतले केंद्रक काढले तरी तिच्या तंतुकणिका तिथेच राहतात आणि त्यांत स्वतःची ३७ जनुके असतात. म्हणून अशी कालवड केंद्रकाने गीर असली तरी तंतुकणिकांनी साहिवाल असणार. १९९६ मध्ये जन्मलेल्या डॉली मेंढीत हे तपासूनही पाहिले गेले. तिच्या तंतुकणिका अंडपेशी देणाऱ्या दुसऱ्या जातीच्या मेंढीच्या निघाल्या. डॉलीची आणखी एक हकिकत फारशी सांगितली जात नाही. ती ज्या मेंढीची प्रतिकृती होती, ती मेंढी आधीच मेलेली होती. तिच्या पेशी तेवढ्या गोठवलेल्या होत्या. तशा पेशी घालून २७७ अंडपेशी तयार केल्या, तेव्हा कुठे एक कोकरू हाती आले.

या गोठवलेल्या पेशींतच आपल्या कामाचे मर्म आहे. जनावराच्या कानाचा लहानसा तुकडा घेऊन पोषक द्रावात ठेवला की कातडीच्या पेशी वाढू लागतात. त्या तशाच गोठवल्या तर आत बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फुटतात. म्हणून डायमिथाइल सल्फॉक्साइड घालून, मिनिटाला सुमारे एक अंश या संथ गतीने त्या थंड करतात आणि मग उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. तेथे त्या वर्षानुवर्षे टिकतात. कर्नालच्याच राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोत रेताबरोबर अशा पेशीही साठवल्या जातात. रेतात जनुकांचा निम्माच संच असतो. जातीच्या गाईच उरल्या नाहीत तर दुसऱ्या जातीच्या गाईंवर ते पिढ्यान्‌पिढ्या वापरावे लागते : ५० टक्के, ७५, ८७.५... शंभर कधीच नाही. कातडीच्या पेशीत पूर्ण संच असतो.

पेशी किती जनावरांच्या घ्याव्यात? हिशेब सोपा आहे. परस्परांशी नाते नसलेली ‘न’ जनावरे निवडली तर जातीतील विविधतेचा सरासरी १/२न इतका भाग हातचा जातो. एकच जनावर घेतले तर निम्मा, पाच घेतली तर दहावा, पंचवीस घेतली तर पन्नासावा. (दुर्मीळ जनुके याहून सहज निसटतात, हे ध्यानात असू द्यावे.) म्हणून माझ्या मते शेवटच्या गाईच्या पाच प्रतिकृतींपेक्षा, जात नांदती असतानाच पंचवीस गोठ्यांतून घेतलेले कानाचे पंचवीस तुकडे मोलाचे.

पण ‘नाते नसलेली’ हे ठरवणार कोण? इगतपुरी-अकोल्याकडच्या डांगी गुरांचेच घ्या. त्यांची कातडी तेलकट, मुसळधार पावसाचे पाणी अंगावर ठरत नाही. कोणती गाय कोणत्या वळूची, कोणाचे खूर चिखलात कुजत नाहीत, हे नळीतल्या पेशीकडे पाहून कळत नाही. ते नळीवरच्या चिठ्ठीत लिहावे लागते, आणि सांगू शकतो तो ती गुरे त्या पावसात राखणारा गुराखी.