ध्वनी सूक्ष्मदर्शक: भिंगाचा कोन आणि पोलादाचे मापन

आमच्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात रेल्वेचे रूळ तयार होतात. रुळातील तडे शोधायला काही मेगाहर्ट्‌झची अल्ट्रासॉनिक तपासणी पुरते. पण त्याच पोलादाच्या छोट्या, पॉलिश केलेल्या नमुन्याची स्थितिस्थापकता जागोजागी मोजायची असेल, तर ध्वनी सूक्ष्मदर्शक उपयोगी पडतो. लेमन्स आणि क्वेट यांनी स्टॅनफर्डमध्ये केलेले याविषयीचे काम १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले.

रचना

नीलम स्फटिकाच्या दांड्याच्या एका सपाट टोकावर ट्रान्सड्यूसर असतो आणि दुसऱ्या टोकावर वाटीसारखा खळगा. हाच खळगा म्हणजे भिंग. भिंग आणि नमुना यांच्यामध्ये पाणी असते. ध्वनीचा वेग नीलमात सेकंदाला सुमारे ११,००० मीटर, तर पाण्यात १,५०० मीटर. या मोठ्या फरकामुळे किरण जवळजवळ एकाच बिंदूत एकत्र येतात.

कोन का महत्त्वाचा?

खळग्याच्या कडेचा किरण अक्षाशी जो कोन करतो, त्याला अर्धकोन म्हणू. आता स्नेलचा नियम लावा.

१. पोलादात अनुदैर्ध्य तरंगाचा वेग सुमारे ५,९०० मी./से. साइन = १,५००/५,९०० ≈ ०.२५, कोन सुमारे १५°. याहून तिरप्या किरणांपासून पोलादात अनुदैर्ध्य तरंग शिरत नाही.

२. पृष्ठभागावरील रॅले तरंगाचा वेग सुमारे ३,००० मी./से. साइन = ०.५, कोन ३०°.

म्हणून पृष्ठभागाखालचा दोष पाहायला १५° च्या आतले अरुंद भिंग घ्या. स्थितिस्थापकता मोजायला अर्धकोन ३०° पेक्षा मोठा हवा. असे भिंग नमुन्याकडे सरकवत गेल्यास संदेशाची तीव्रता कमी-जास्त होते, कारण अक्षावरून परतलेला तरंग आणि रॅले तरंग यांचे व्यतिकरण होते. १०० मेगाहर्ट्‌झला लागोपाठच्या दोन किमान बिंदूंत सुमारे ५६ मायक्रोमीटर अंतर पडते. त्यावरून रॅले तरंगाचा वेग काढतात.

२०° चे भिंग वापरले तर प्रतिमा चांगली येईल, पण ही आवर्तने दिसणार नाहीत. तेव्हा नमुन्याला दोष देण्याआधी भिंगाचा कोन तपासा.

दिशेचा प्रश्न

गोलीय भिंग सर्व दिशांची सरासरी देते. लाटून बनवलेल्या पोलादात वेग दिशेनुसार बदलू शकतो. त्यासाठी जपानच्या तोहोकू विद्यापीठातील कुशिबिकी आणि चुबाची यांनी दंडगोलाकार भिंग वापरले. ते एका ठरावीक दिशेतला वेग मोजते. मात्र रेषेच्या दिशेने बारीक तपशील मिळत नाही.

विचार करा

अ‍ॅक्रिलिकमध्ये रॅले तरंगाचा वेग पाण्यातील ध्वनीवेगापेक्षा कमी असतो. मग वरील पद्धतीसाठी तुम्ही किती अर्धकोनाचे भिंग निवडाल? साइनची किंमत काढून पाहा. उत्तर तिथेच मिळेल.