माळ्यावरची पेटी आणि संपादकाचे कागद

गेल्या पावसाळ्याआधी आम्ही पनवेलचे जुने घर सोडले. सामान हलवताना माळ्यावरून वडिलांची पत्र्याची पेटी खाली आली. वडील कारखान्यात कामाला होते. रात्रपाळी करून आले की चटईवर बसून कविता लिहायचे. पेटीत ‘अस्मितादर्श’चे दोन जुने अंक निघाले आणि एका संपादकांनी परत पाठवलेली कवितांची वही निघाली. समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. एका ओळीपुढे नुसते प्रश्नचिन्ह होते. ती ओळ वडिलांनी खाली तीनदा नव्याने लिहिली होती.

त्या संपादकांची पत्रेही होती, चांगला गठ्ठा होता. पण घराला रंग काढला त्या वर्षी तो आम्हीच रद्दीत घातला. किलोच्या भावाने! तेव्हा कुणाला काही वाटले नाही. आज जिवाला लागते.

आपल्या साहित्याच्या इतिहासात संपादकाचे काम केवढे मोठे आहे, ते पाहा. बाबासाहेबांनी औरंगाबादला उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात १९६७ मध्ये ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले. तेच पुढे ‘अस्मितादर्श’ झाले. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते त्रैमासिक अनेक दशके चालवले. ज्यांचे नाव कुणी ऐकले नव्हते अशा तरुणांना त्यांनी लिहिते केले. अस्मितादर्शचे मेळावे भरवले, नव्या-जुन्या लेखकांना एकत्र बसवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी २७ मार्चला त्यांचे निधन झाले.

छापलेला अंक ग्रंथालयात सापडतो. पण अंकामागचे कागद? लेखकाचा पहिला कच्चा खर्डा, संपादकाने केलेली दुरुस्ती, साभार परत गेलेली कविता, वर्गणीदारांची यादी, मनिऑर्डरच्या पावत्या, छापखान्याचे बिल. आपल्या पहिल्या पिढीने लेखणी कशी धरली, कुठे अडखळली, कुणी पोटाला चिमटा घेऊन वर्गणी भरली, हे या कागदांतूनच कळते. छापील पानावर ते दिसत नाही.

पनवेलचे सोनबा येलवे बाबासाहेबांसाठी पाण्याचे मडके भरून वाट पाहत राहिले, ही गोष्ट आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली. सांगणारे होते म्हणून ती टिकली. पत्रव्यवहार मात्र कुणाला तोंडपाठ नसतो. कागद गेला की त्यातला माणूसही गेला.

ज्यांनी कागद जपले त्यांचे उपकार आपण रोज भोगतो. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांची पत्रे, कात्रणे, आठवणी गोळा केल्या आणि त्यातून चरित्राचे खंडामागून खंड उभे राहिले. बाबासाहेब स्वतःही संपादकच होते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ आणि ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ त्यांनी सुरू केला. ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने ते एकट्याने लिहून काढत. त्यांतले जे अंक जपले गेले, त्यांवरूनच वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये दोन्ही पत्रे पुन्हा छापली. म्हणून आज आपली मुले ती वाचू शकतात. ते अंकही रद्दीत गेले असते तर?

आज पनवेलमध्ये जुनी बैठी घरे पडून इमारती उठत आहेत. घर बदलताना पहिला बळी जातो तो कागदांचा. म्हणून आपल्या माय-भगिनींना आणि बंधूंना काही साध्या गोष्टी सांगतो.

पेटी उघडल्याशिवाय रद्दीवाल्याला हाक मारू नका. घरातल्या जाणत्या माणसाला जवळ बसवून पत्र कुणाचे, साल कोणते, हे विचारा आणि वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. टाचण्या काढून टाका, त्या गंजून कागद खातात. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशनही करू नका. कोकणातल्या दमट हवेत कागदाला बुरशी आणि कसर लवकर लागते. तेव्हा ते जमिनीपासून वर, कोरड्या जागी ठेवा आणि पावसाळा सरला की सावलीत वारा द्या. नातवाला मोबाईलवर प्रत्येक पानाचा फोटो काढायला सांगा. घरात जागाच नसेल तर विहारात किंवा ग्रंथालयात द्या, पण यादी करून आणि पोच घेऊन द्या.

वडिलांची वही आता बुद्धवंदनेच्या पुस्तकाशेजारी ठेवली आहे. परवा धाकट्या मुलीने ती उघडली आणि विचारले, “आजोबांनी ही ओळ तीनदा का लिहिली?” उत्तर कदाचित रद्दीत गेलेल्या पत्रात होते. आम्हाला ते देता आले नाही. तुमच्या घरी अजून वेळ गेलेली नाही.

जयभीम!