कनिष्ठ एएचएफ चषक (पुरुष हॉकी)

पुरुषांचा कनिष्ठ एएचएफ चषक ही आशियाई हॉकी महासंघातर्फे भरवली जाणारी २१ वर्षांखालील खेळाडूंची आंतरराष्ट्रीय मैदानी हॉकी स्पर्धा आहे. आशिया खंडातील कनिष्ठ गटाच्या स्पर्धांमध्ये तिचे स्थान दुसऱ्या श्रेणीचे असून कनिष्ठ आशिया चषक ही प्रथम श्रेणीची स्पर्धा मानली जाते. एएचएफ चषकात वरचे क्रमांक मिळवणाऱ्या संघांना कनिष्ठ आशिया चषकात प्रवेश मिळतो. त्यामुळे ही मुख्यतः पात्रता स्पर्धा ठरते.

पार्श्वभूमी

आशियाई हॉकी महासंघाची स्थापना १९५८ साली झाली. या महासंघाच्या सदस्य देशांमध्ये हॉकीचा दर्जा फार विषम आहे. भारत, पाकिस्तान, दक्षिण कोरिया, मलेशिया आणि जपान हे संघ दीर्घकाळ आघाडीवर राहिले आहेत. बांगलादेश, ओमान, थायलंड, चायनीज तैपेई, उझबेकिस्तान इत्यादी देशांतील खेळाडूंना मात्र मोजकेच आंतरराष्ट्रीय सामने मिळतात.

ही दरी किती रुंद आहे, हे २०२३ साली ओमानमधील सलालाह येथे झालेल्या कनिष्ठ आशिया चषकात दिसून आले. त्या स्पर्धेत भारताने चायनीज तैपेईचा १८–० असा, तर थायलंडचा १७–० असा पराभव केला. अशा एकतर्फी सामन्यांतून दुबळ्या संघाला फारसे शिकायला मिळत नाही आणि बलाढ्य संघाचाही कस लागत नाही. समान बळाच्या संघांना परस्परांशी खेळण्याची संधी मिळावी आणि त्यांतील सरस संघांनीच वरच्या स्पर्धेत जावे, ही दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेमागील भूमिका आहे.

स्वरूप

कनिष्ठ गटातील स्पर्धांची उतरंड तीन पायऱ्यांची आहे. पहिली पायरी एएचएफ चषकाची, दुसरी कनिष्ठ आशिया चषकाची आणि तिसरी कनिष्ठ विश्वचषकाची. आघाडीच्या संघांना आशिया चषकात थेट स्थान मिळते, म्हणून भारतासारख्या संघावर पहिल्या पायरीवर खेळण्याची वेळ येत नाही.

सामन्याचे नियम ज्येष्ठ गटाप्रमाणेच असतात. प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात उतरतात आणि १५ मिनिटांच्या चार सत्रांत सामना खेळवला जातो. बाद फेरीच्या सामन्यात बरोबरी झाल्यास शूटआऊटने निकाल लावतात. त्यात आक्रमक खेळाडू २३ मीटरच्या रेषेपासून चेंडू घेऊन निघतो आणि एकट्या गोलरक्षकाला चुकवून आठ सेकंदांच्या आत गोल करण्याचा प्रयत्न करतो. आरंभी प्रत्येक संघाला अशा पाच संधी मिळतात. त्यानंतरही बरोबरी राहिली, तर निर्णय होईपर्यंत शूटआऊट चालू ठेवतात.

२०२३ आणि २०२४ च्या स्पर्धा

२०२३ ची स्पर्धा जानेवारी महिन्यात ओमानची राजधानी मस्कत येथे झाली. अंतिम सामन्यात बांगलादेशाने यजमान ओमानला शूटआऊटमध्ये हरवून विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी सलालाह येथील कनिष्ठ आशिया चषकात मात्र बांगलादेशाला विश्वचषकाची पात्रता गाठता आली नाही.

२०२४ ची स्पर्धा जून महिन्यात सिंगापूर येथे झाली. बांगलादेशाने अंतिम सामन्यात चीनचा ४–२ असा पराभव करून विजेतेपद राखले. नोव्हेंबर–डिसेंबर २०२४ मध्ये मस्कत येथे दहा संघांचा कनिष्ठ आशिया चषक झाला. त्यात बांगलादेशाने थायलंडवर ७–२ असा विजय मिळवून विश्वचषकातील प्रवेश निश्चित केला. पुढे चीनला ६–३ असे नमवून हा संघ पाचव्या स्थानावर राहिला. या स्पर्धेचे विजेतेपद भारताने पाकिस्तानला ५–३ असे हरवून पटकावले.

विश्वचषकापर्यंतचा प्रवास

बांगलादेशाच्या या यशाला आणखी एक कारण साहाय्यभूत ठरले. कनिष्ठ विश्वचषकात पूर्वी १६ संघ खेळत असत. २०२५ च्या स्पर्धेपासून ही संख्या २४ करण्यात आली. २०२३ च्या विश्वचषकासाठी यजमान मलेशिया वगळता आशियातील तीनच संघ पात्र ठरले होते. २०२५ मध्ये यजमान भारताखेरीज सहा आशियाई संघांना जागा मिळाल्या. जुनी संख्या कायम राहिली असती, तर मस्कतमधील पाचवा क्रमांक पुरेसा ठरला नसता. याचा अर्थ बांगलादेशाची पात्रता केवळ नियमांतील बदलामुळे साधली असा होत नाही. जागा वाढल्या तेव्हा त्या मिळवण्याइतकी तयारी झालेली असणेही आवश्यक होते आणि या तयारीत दोन एएचएफ चषकांचा वाटा होता.

२०२५ चा कनिष्ठ विश्वचषक तमिळनाडूतील चेन्नई आणि मदुराई येथे झाला. बांगलादेशाचा कोणत्याही वयोगटातील हा पहिलाच हॉकी विश्वचषक होता. गटात ऑस्ट्रेलिया, फ्रान्स आणि दक्षिण कोरिया असे बलवान प्रतिस्पर्धी होते. बांगलादेशाने कोरियाला ३–३ असे बरोबरीत रोखले. उपांत्यपूर्व फेरी गाठता आली नाही, तरी पुढील क्रमवारीच्या सामन्यांत विजय मिळवून संघ सतराव्या स्थानी राहिला. पाकिस्तानने माघार घेतल्यामुळे प्रवेश मिळालेल्या ओमानचा त्याने १३–० असा पराभव केला. तीन वर्षांपूर्वी याच दोन देशांच्या कनिष्ठ संघांत शूटआऊटपर्यंत चुरस झाली होती. बांगलादेशाचा पेनल्टी कॉर्नरतज्ज्ञ आमिरुल इस्लाम याने १८ गोल केले व तो स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला.

महत्त्व आणि मर्यादा

कनिष्ठ एएचएफ चषकाला विश्वचषकासारखी प्रसिद्धी लाभत नाही. मात्र उदयोन्मुख संघांच्या दृष्टीने विश्वचषकाचा मार्ग येथूनच सुरू होतो. जिंकण्याची शक्यता असलेले सामने खेळायला मिळाल्याने अटीतटीच्या क्षणी निर्णय घेण्याची सवय खेळाडूंना लागते. ही सवय केवळ सरावातून येत नाही.

तथापि, एकट्या स्पर्धेने दरी मिटत नाही. २०२४ च्या कनिष्ठ आशिया चषकातही भारताने चायनीज तैपेईला १६–० असे हरवले. कृत्रिम हिरवळीची मैदाने, नियमित देशांतर्गत सामने आणि लहान वयापासूनचे प्रशिक्षण यांची जोड मिळाल्याशिवाय पात्रता स्पर्धेतील यश टिकत नाही. बांगलादेशातील अनेक खेळाडू ढाक्याजवळील सावर येथील ‘बांगलादेश क्रीडा शिक्षा प्रतिष्ठान’ या निवासी संस्थेत घडलेले आहेत. ज्येष्ठ गटातील एएचएफ चषकही बांगलादेशाने २००८, २०१२, २०१६ आणि २०२२ असा चार वेळा जिंकला. परंतु ज्येष्ठ संघाला या यशातून विश्वचषक गाठता आला नाही. कनिष्ठ संघाने ती पायरी प्रथमच ओलांडली.