राडारोडा कसा हलवावा

नवीन घर बांधतात तेव्हा सगळे बघायला येतात. जुने घर पाडतात तेव्हा मात्र बायामाणसे नाकाला पदर लावून लांबून जातात. पण घर पाडल्यावरच खरे काम असते बरे का! पडलेले दगड, माती, विटा, कौले यांच्या ढिगाला राडारोडा म्हणतात. आमचे जुने घर या वैशाखात पाडले. मिरगाच्या आत जागा मोकळी करून पाया भरायचा होता. नाहीतर पावसाळाभर आम्हाला गोठ्यातच राहावे लागले असते. म्हणून मी रोज जवळ थांबून पाहिले आणि मिस्त्रीमामांना विचारून घेतले.

भिंत उभी असते तेव्हा थोडी जागा खाते. पडली की फुगते, कारण तुकड्यांच्या मधे फटी राहतात. आता गणित बघा. आमची एक भिंत २० फूट लांब, १० फूट उंच आणि २ फूट जाड होती. २० गुणिले १० गुणिले २ म्हणजे ४०० घनफूट. १०० घनफुटाला एक ब्रास म्हणतात, म्हणजे एक भिंत ४ ब्रास. अशा दोन भिंती पाडायच्या होत्या, त्या ८ ब्रास. फुगून झाल्या दीडपट, म्हणजे १२ ब्रास! ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एक ब्रास मावते. एका खेपेला ट्रॅक्टरवाल्याने ८०० रुपये सांगितले. वडील म्हणाले, "एवढ्यात तर सिमेंटची पोती येतील." आई काहीच बोलली नाही.

मग मिस्त्रीमामांनी युक्ती सांगितली. ते म्हणाले, "ढीग एकदा मिसळला की त्याला किंमत नाही. उतरवतानाच वेगळं करा. एकदा उचललेलं परत उचलायचं नाही."

म्हणून वरून खाली असे पाडायचे. आधी कौले, मग रिपा, मग वासे आणि आढे. दारे-खिडक्या चौकटीसकट काढायच्या. शेवटी भिंत, तीही वरच्या थरापासून. भिंत खालून कधीच पोखरू नये, ती अंगावर येते. लहान मुलांनी तर भिंतीच्या उंचीपेक्षा बरेच जास्त लांब उभे राहावे. मी आंब्याखाली बसत होतो.

अंगणात चुन्याच्या फक्कीने चार चौकोन आखले होते. एकात दगड, एकात माती, एकात विटांचे तुकडे, एकात लाकूड. लोखंड आणि खिळे डब्यात. काचा वेगळ्या पोत्यात, आणि पोत्याला चिंधी बांधली, म्हणजे कोणी हात घालणार नाही. दगडांचा नीट चट्टा लावला. चट्ट्याला जागाही कमी लागते.

मातीही बरीच निघाली. पण जुन्या भिंतीची पांढरी माती वाया जात नाही. तिच्यात भुस्सा आणि शेण मळलेले असते, म्हणून ती शेताला चालते. सिमेंटचा गिलावा मात्र आधी खरवडून काढावा लागतो. तो शेतात नको. शेजारच्या आळीतल्या एका शेतकऱ्याने स्वतःची ट्रॉली आणून माती फुकट नेली. ४ खेपा झाल्या. त्याचेही काम झाले, आमचेही.

घमेली वाहताना एकेकट्याने वाहू नये. एकटा माणूस भरलेले घमेले नेतो आणि रिकामा परत येतो, म्हणजे अर्धे चालणे फुकट. आम्ही रांग केली. माणसे जागेवरच उभी, घमेले हातोहात पुढे जाते आणि रिकामे दुसऱ्या बाजूने मागे येते. पाण्याचा हलका शिपका मारला की धूळ बसते. जास्त पाणी मारले तर चिखल होतो आणि घमेले उचलत नाही.

गोठ्यावर जुने सिमेंटचे पत्रे होते. गुरुजींनी सांगितले की अशा पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू असतात, ते श्वासातून छातीत जातात. म्हणून ते फोडायचे नाहीत, ओले करून अख्खेच उतरवायचे. हे पालकांनी जरूर वाचावे.

राडारोडा रस्त्यावर किंवा गटारात टाकू नये असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला. पण मागच्या पावसाळ्यात कोणीतरी रातोरात ओढ्यात दोन ट्रॉल्या ओतल्या. ओढा तुंबला आणि खालच्या आळीत पाणी शिरले. माझ्या वर्गमित्राची वह्या-पुस्तके भिजली. मोठ्या शहरांत असा राडारोडा भरडतात. दिल्लीला बुराडी येथे २००९ साली त्याचा कारखाना सुरू झाला. भरडलेल्या मालातून रस्त्याच्या कडेचे ठोकळे बनवतात. आमच्या गावात यंत्र नाही, पण घण आहे. विटांचे तुकडे घणाने बारीक केले, ते जोत्यात भरायला ठेवले आहेत.

शेवटचा हिशोब असा : १२ पैकी ५ ब्रास दगड पायाला, ४ ब्रास माती शेतात, २ ब्रास तुकडे जोत्यात. उरलेली एक ट्रॉली ग्रामपंचायतीने दाखवलेल्या जुन्या खड्ड्यात टाकली. ८०० रुपये गेले, ८८०० वाचले. पाया मिरगाच्या आधी चार दिवस भरून झाला. खिळे मी मोजले नाहीत, वजन केले. सव्वातीन किलो भरले. त्यातले सरळ खिळे मिस्त्रीमामा ठेवून घेणार आहेत आणि वाकडे सोमवारच्या बाजारात भंगारवाल्याला देणार आहोत.

– इयत्ता चौथी